विनोबाजी आणि आईची चूल

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहावे असे बैठकीत ठरले, तेव्हा जिजामाता, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे भगिनींनी भराभर घेऊन टाकली. मी आचार्य विनोबा भावे मागून घेतले. एकदोघी हसल्या. विनोबा म्हणजे भूदान, पदयात्रा आणि ब्रह्मचर्य. त्यात आपल्या घरसंसाराचे काय, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु विनोबाजी आपल्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे. कासूहून गाडीत बसले की पुढचे स्टेशन पेण. इतक्या जवळच्या माणसाला परके का मानावे? दुसरे असे की, त्यांच्या गोष्टी मी वाचल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्वयंपाकघरात घडलेल्या आहेत. भूदानाविषयी शिकलेल्या माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. मी सातवी शिकलेली बाई. मला चुलीकडची बाजू दिसते, तीच लिहिते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी गागोदे बुद्रुक या गावी झाला. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 साली मिळाले. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे भाद्रपदाचा सुमार. पाऊस सरलेला नसतो, भिंती ओल धरून असतात आणि आगोटीला भरलेले सरपण तळाला जाऊ लागते. अशा दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटती ठेवायची, तिला शेक द्यायचा, बाळाचे दुपटे धुरावर वाळवायचे, म्हणजे किती लाकूड लागत असेल याचा अंदाज ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांनाच येईल.

आता आपल्या बहुतेक घरांत गॅस आहे. आंघोळीचे पाणी तेवढे कोणाकोणाकडे अजून अंगणातल्या चुलीवर तापते. नव्या सुनांना फाटी हा शब्दही ठाऊक नसतो. म्हणून थोडे सांगते. होळी झाली की फाट्यांची तयारी सुरू होई. रानातून वाळके लाकूड मोळ्या बांधून डोक्यावरून आणायचे, ते उन्हात पसरायचे, जाड ओंडके कुऱ्हाडीने फोडायचे, ढलप्या वेगळ्या करायच्या, काटक्यांच्या जुड्या बांधायच्या. शेणी थापून दोन्ही अंगांनी वाळवायच्या. मिरगाच्या आत हे सगळे पडवीत आणि माळ्यावर रचून झाले पाहिजे. रचताना जाड लाकूड खाली, काटक्या हाताशी, आणि शेणींना भिंतीची ओल लागू नये म्हणून मध्ये पेंढा. एवढे करूनही आषाढात सरी आडव्या येऊ लागल्या की लाकूड दमट व्हायचे ते व्हायचेच. मग फुंकणी, धूर आणि डोळ्यांना पदर. माझ्या सासूबाईंनी ही कामे सगळा जन्म केली आणि त्यांच्या सासूबाईंनीही. गागोदेही याच मुलखातले, पाऊसही हाच. भाव्यांच्या घरची चूलही काही वाऱ्यावर पेटत नसेल. पण थोर पुरुषांच्या चरित्रांत वडील काय शिकले आणि आजोबा किती धार्मिक होते हे सर्व असते. घरात फाटी कोणी फोडली ते मात्र लिहिलेले नसते.

आजोबा शंभुराव धार्मिक होतेच. पूजा चालू असता देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरातल्यांची धांदल उडाली, कोणी मारायला धावले. आजोबांनी सर्वांना थांबवले. देवाला शरण आलेल्याला मारायचे नाही, म्हणून विंचू आपण होऊन उतरून जाईपर्यंत ते हात जोडून बसून राहिले. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्यास असत. कापडाच्या रंगांचे त्यांना चांगले ज्ञान होते. ते सणासुदीला घरी येत. एका दिवाळीत वडील खाऊ आणणार असे आईने मुलांना सांगून ठेवले होते. पुडके हाती आले तेव्हा चपटे लागले. लाडू-पेढे चपटे कसे असतील? आत लहान मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके निघाली. मुलाचा चेहरा उतरलेला पाहून आईने डोळ्यांत पाणी आणून समजावले की, याहून गोड खाऊ वडिलांना आणताच आला नसता.

आईचे नाव रुक्मिणीबाई. विनायक थोरले, आई त्यांना विन्या म्हणे. पाठीवर बाळकोबा, शिवाजी ही भावंडे. आई कर्नाटकाकडची, त्यामुळे कानडी भजनेही तिला येत. शाळा तिला फारशी मिळाली नव्हती; अक्षर जुळवीत सावकाश वाचण्याइतके येत होते. मला या गोष्टीचा फार धीर वाटतो.

अंगणातल्या फणसाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. फणस धरल्यापासून विन्याचे लक्ष त्याच्याकडे. कधी पिकेल आणि कधी खायला मिळेल, हे रोज विचारणे चाले. पिकल्यावर आईने गरे काढले, पानांचे द्रोण भरले, आणि आधी शेजारच्या प्रत्येक घरी एकेक द्रोण पोचवून यायला मुलांनाच पाठवले. सगळे वाटून झाल्यावर मुलांच्या हातावर गरे पडले. असेच तुळशीचे. पान वाढायच्या आधी तुळशीला पाणी घातले की नाही हे आई रोज विचारी आणि घातले नसेल तर आधी घालून यायला लावी. पुढे मोठेपणी विनोबाजी गावोगाव लोकांना सांगत फिरले की घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. त्या वेळी त्यांना शेजाऱ्यांचे द्रोण आठवत असतील असे मला वाटते. हा माझा तर्क आहे.

विनायक नऊ-दहा वर्षांचा असता सर्व बिऱ्हाड बडोद्यास गेले. गागोद्याचे रान सुटले, शहरातले घर आले. चूल मात्र आईच्या मागे गेलीच.

बडोद्यात शेजारची बाई काही कारणाने घरी नव्हती, तेव्हा त्यांच्याकडचा स्वयंपाक करून द्यायला आई जात असे. पण आधी ती आपल्या घरचे उरकी आणि मग तिकडे जाई. विनायकाने तिला धरले. परोपकार करायचा तर आधी त्यांचे, मग आपले. तू तर आधी आपले करतेस, मग हा स्वार्थच झाला, असा त्याचा युक्तिवाद. आईने शांतपणे सांगितले की त्यांचे आधी करून ठेवले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होईल. आपले गार झाले तरी चालते, त्यांना ऊन मिळाले पाहिजे. पुस्तके वाचलेला मुलगा निरुत्तर झाला. भगिनींनो, हे उत्तर पुस्तकातून सुचणारे नाही. एका चुलीवर भात उतरायला किती वेळ लागतो आणि निखारा किती वेळ धग धरतो, हे जिच्या हातात बसले आहे तिलाच ते सुचते.

घरात एक गरीब विद्यार्थी जेवायला असे. शिळी भाकरी उरली तर आई ती स्वतः खाई किंवा विनायकाला वाढी. त्या मुलाला मात्र नेहमी ताजी. विनायकाने येथेही तिला पकडले, की तू समभावाच्या गोष्टी सांगतेस आणि पानात भेद करतेस. आईने ते कबूल केले. तो मुलगा तिला अतिथीरूपाने देवच दिसे, आणि विन्या तिला अजून आपला मुलगाच दिसे, म्हणून भेद होत होता. ज्या दिवशी विन्याही देवासारखा दिसेल त्या दिवशी भेद संपेल, असे तिचे म्हणणे. आपण सगळ्या याच्या अगदी उलट करतो, नाही का? ताजी पोळी मुलाच्या पानात पडते.

आईने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचे व्रत धरले. रोज एकेक दाणा मोजून वाहायचा. वडिलांना हिशेबाची सवय. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ मोजून किती दाणे भरतात ते पाहावे आणि त्या मानाने लाखाचे वजन करून, वर थोडे अधिक टाकून मोकळे व्हावे. आईला काय बोलावे ते सुचले नाही. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. त्याने सांगितले की हे गणित नव्हे. प्रत्येक दाण्यागणिक देवाचे नाव घेतले जाते, मोजणे हीच पूजा. मग आईने वडिलांना तसे सांगितले आणि व्रत दाणा दाणा मोजूनच पुरे केले. स्वयंपाक करताना ती भजनात इतकी रंगून जाई की कधी भाजीत मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे. विनायक न बोलता खाऊन उठे. वडील पानावर बसले की उघडकीस येई.

मुलगा पुढे वैराग्याच्या वाटेला लागला. अंथरुणावर गादी घेईना, पायांत वहाण घालीना, रणरणत्या उन्हात भटके. आईने त्याला थांबवले नाही. पण एकदा ती म्हणून गेली की वैराग्याचे हे प्रयोग तू फार करतोस. मी पुरुष असते तर खरे वैराग्य कसे असते ते दाखवले असते. मी ही गोष्ट वाचली तेव्हा पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून राहिले. त्या बाईला चार मुलांचे, नवऱ्याचे, आल्यागेल्याचे करायचे होते. सकाळी चूल सारवायची होती आणि रात्री निखारे राखेत झाकायचे होते. ती उठून कोठे जाणार? मुलाला वाट मोकळी होती, तिला नव्हती. विनोबाजींनी हे वाक्य जन्मभर लक्षात ठेवले आणि स्वतः लोकांना सांगितले, हे मी त्यांचे मोठेपण समजते.

आता प्रमाणपत्रांची हकीकत. विनायक मॅट्रिक होऊन कॉलेजात होता. आई चुलीपाशी स्वयंपाक करीत होती. तो येऊन शेजारी बसला आणि हातातले कागद गुंडाळून एकेक चुलीत सारू लागला. आईने विचारले, काय जाळतोस? शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, असे त्याने सांगितले. असू दे की, उद्या लागतील, पडून राहिली तर काय बिघडते, असे ती म्हणाली. नोकरी कधी करायचीच नाही तर ती ठेवायची कशाला, असे त्याचे उत्तर. यावर तिने हात धरला नाही की आरडाओरडा केला नाही. मी असते तर चिमट्याने ओढून काढली असती हे खरे सांगते. आमच्या घरी मुलांच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुलपाखाली आहेत. आणि सरपण म्हणून म्हणाल तर त्या कागदांचा उपयोग काय? कागद भपकन पेटतो आणि विझतो, त्यावर वाटीभर दूधही तापत नाही. एवढ्या वर्षांची फी, एवढ्या वर्षांचे डबे त्या एका ज्वाळेत गेले. त्यानंतरही आईने त्याच चुलीवर सर्वांचा स्वयंपाक पुरा केला असणार, कारण जेवणाची वेळ कोणासाठी थांबत नाही.

25 मार्च 1916 रोजी विनायक इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेस उतरून काशीकडे निघून गेला. वडिलांना पत्र धाडले की मुंबईस न जाता दुसरीकडे जात आहे, वावगे काही करणार नाही. घरातून एवढेच निघून जाणे. मुलगा परीक्षेला गेला म्हणून आई परत येण्याचे दिवस मोजत असते आणि येते ते पत्र! थोर माणसांची वाट वेगळी असते असे म्हणतात, तरी ते पत्र वाचताना त्या घरी काय झाले असेल हे मनातून जात नाही.

काशीत असता गांधीजींच्या भाषणाची हकीकत त्यांच्या वाचनात आली, पत्रव्यवहार झाला, आणि 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादेस कोचरब आश्रमात पोचले. हिमालयात जाऊन तप करू पाहणारा हा तरुण महात्म्याच्या भेटीला गेला, तेव्हा महात्मा काय करीत होते? भाजी चिरीत होते. एवढा मोठा पुढारी भाजी चिरताना त्याने कधी पाहिला नव्हता. गांधीजींनी त्याच्याही हाती सुरी दिली आणि बोलणे भाजी चिरता चिरताच झाले. आईच्या चुलीपासून पळालेला मुलगा फिरून स्वयंपाकघरातच येऊन पोचला, याचे मला हसू येते आणि बरेही वाटते. आश्रमात पाणी भरणे, दळणे, झाडणे, पायखाने साफ करणे ही कामे सर्वांनीच करायची असत. ती त्यांनी मन लावून केली. पुढल्या वर्षी ते अभ्यासासाठी वाईस गेले. तेथे वाचनालयासाठी पैसे हवे होते. त्यांनी वर्गणी मागितली नाही. विद्यार्थ्यांना जमवले आणि लोकांचे दळण दळून मजुरी घेतली. जात्यावर बसलेले शास्त्राचे विद्यार्थी! बायकांनी जन्मभर दळले त्याची मजुरी कोणी धरली नव्हती. मुलग्यांनी दळले तेव्हा त्याचे वाचनालय उभे राहिले. हेही येथे लिहून ठेवते.

1918 साली मानमोडीच्या तापाची मोठी साथ आली. घरोघर माणसे गेली. रुक्मिणीबाई अंथरुणाला खिळल्या. विनोबा बडोद्यास आले. 24 ऑक्टोबर 1918 रोजी त्यांनी देह ठेवला. आईचे अंत्यसंस्कार आपल्याच हातांनी व्हावेत, भटजी बोलावू नये, असे विनोबांचे म्हणणे होते. वडीलधाऱ्यांनी ते मानले नाही. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत, घरी गीता वाचीत बसले. याविषयी माझे मन अजून दोन्हीकडे ओढते. तत्त्व त्यांचे असेल. पण शेवटच्या वाटेवर थोरल्या मुलाचा खांदा लागला नाही, हे कोणा आईला सोसवेल? रुक्मिणीबाईंना सोसवले असते असेही वाटते, कारण ती मुलाला आपल्यापेक्षा अधिक ओळखत होती.

आईच्या वस्तूंतून त्यांनी दोनच घेतल्या. एक तिचे लुगडे आणि एक तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती. लुगडे ते उशाशी घेत. खादीचे व्रत घेतल्यावर ते लुगडे खादीचे नव्हते म्हणून साबरमतीला अर्पण केले. मूर्ती आश्रमातल्या एका भगिनीच्या पूजेत दिली. दागिना नाही, भांडे नाही, अन्नपूर्णा घेतली.

आईचे एक मागणे राहून गेले होते. तिला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येईना, मराठीतले श्लोकही जड वाटत. मग तूच सोपी करून का देत नाहीस, असे ती विन्याला म्हणाली होती. ते काम त्यांनी 7 ऑक्टोबर 1930 रोजी वर्ध्यास हाती घेतले आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी पुरे केले. नाव ठेवले गीताई. आई जाऊन बारा वर्षे झाली होती. पुढल्या वर्षी, 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. आईवेड्या दोन मुलांची गाठ तुरुंगात पडली!

त्यानंतरचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे म्हणून भरभर सांगते. 1940 साली गांधीजींनी त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही निवडले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी चाळीस हरिजन कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. तेरा वर्षांहून अधिक काळ ते पायी चालले आणि चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळाली. त्यातली बरीच पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरे. आपल्या खारपट्टीतल्या बायकांना हे निराळे सांगायला नको; बांध फुटून खारे पाणी शिरलेली जमीन कागदावर जमीनच असते.

मला भूदानापेक्षा त्यांची दुसरी एक योजना जवळची वाटते. प्रत्येक घरात एक सर्वोदय पात्र ठेवावे आणि रोज घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यात मूठभर धान्य टाकावे, असे त्यांनी सांगितले. मूठ मुलाची असावी. म्हणजे धान्यही फार जात नाही आणि मुलाला रोज द्यायची सवय लागते. फणसाचे द्रोण घेऊन शेजारी धावणारा मुलगाच हे सुचवू शकतो.

25 मार्च 1959 रोजी, म्हणजे ज्या तारखेला त्यांनी आईचे घर सोडले त्याच तारखेला, त्यांनी पवनारला धाम नदीच्या काठी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. स्त्रियांनी संसाराबाहेर राहून साधना करावी, सर्वांनी मिळून निर्णय घ्यावे, आणि स्वयंपाक, झाडलोट, शेत हे सारे स्वतः करावे अशी रचना. तेथल्या भगिनींनी मैत्री नावाचे मासिकही चालवले. पुरुष असते तर दाखवले असते, असे जी बाई म्हणाली तिच्या मुलाने चाळीसहून अधिक वर्षांनी बायांसाठी ती वाट बांधली. तिच्या स्वतःच्या उपयोगी ती आली नाही.

विनोबाजींनी नोव्हेंबर 1982 मध्ये अन्नपाणी आणि औषध सोडले आणि 15 नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनारला देह ठेवला. 1983 साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले.

गागोद्याला त्यांचे जन्मस्थान पाहायला आपल्या मंडळाने एकदा जावे असे मी अध्यक्षबाईंना सुचवले आहे. 11 सप्टेंबरला पाऊस असतो, तेव्हा छत्र्या घ्याव्या लागतील. माझी एक इच्छा आहे की तेथे कोणी म्हातारी माणसे भेटली तर त्यांना जुन्या काळी गावातले सरपण कोठल्या रानातून येई, कोण आणी आणि कोण फोडी, हे विचारावे, आणि कोणी तरी ते वहीत उतरून घ्यावे.